अकरावं वाक्य

आमच्या इंग्रजीच्या सरांच्या पाण्याच्या बाटलीवर मार्करची एक काळी रेघ असायची. वर्गात आल्यावर ते बाटली टेबलावर ठेवत, वाकून डोळा रेघेच्या पातळीला आणत, पाणी तेवढंच आहे याची खात्री करत आणि मगच हजेरी घेत. पाणी प्यायले की नवी रेघ. वर्ष संपेपर्यंत त्या बाटलीवर बाटलीपेक्षा रेघाच जास्त दिसायच्या. तलासरीच्या कॉलेजात त्यांचं पाणी कोण चोरणार, हा प्रश्न आम्हा बारावीच्या पोरींना रोज पडायचा. शेवटी वनिताने धीर करून विचारलंच.

सर म्हणाले, "कमी झालं तर माझी हरकत नाही. वाढलं तर?"

त्या दिवसापासून मीही माझ्या बाटलीकडे जरा बघूनच प्यायला लागले. संशय काही ताप नव्हे, तरी शेजारी बसून बसून लागतोच.

सर नरपडचे. रोज सकाळी समुद्राकडून निघून, दोन गाड्या बदलून तलासरीला यायचे. काखेत बाराही महिने छत्री, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीच्या बंदाला चक्क कुलूप. आमचे पेपर तपासायला घरी न्यायचे ते त्या कुलपातून. परत आणायचे ते मार्क सांगायला, हातात कधी द्यायचे नाहीत. "पेपर हातात गेला की त्यावर अक्षरं उगवतात," म्हणायचे. आमचे पेपर घरी नेऊन ते करतात तरी काय, यावर वसतिगृहात दर आठवड्याला नवी बातमी असायची. रद्दीत विकतात, असं एकीचं मत. वरच्या कोणालातरी पाठवतात, असं दुसरीचं. मी दोन्हींवर थोडा थोडा विश्वास ठेवायचे.

सरांचा खरा राग मात्र माणसांवर नव्हता. तो होता इंग्रजीतल्या छोट्या शब्दांवर. इन, आउट, अप, डाउन, ऑफ. त्यांचं म्हणणं असं, की इंग्रजांना नवे शब्द करायचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी जुन्याच साध्या क्रियापदांना हे टोणगे शेजारी बांधून दिले. "कम म्हणजे येणं. सरळ माणूस. पण त्याच्या मागून कोण येतंय ते बघा! कम अक्रॉस, म्हणजे अचानक सापडणं. कम डाउन विथ फीवर, म्हणजे तापाने पडणं. यात येणं कुठे राहिलं? ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला!" आणि फळ्यावर कम लिहून त्याच्या पुढच्या रिकाम्या जागेकडे असं बघायचे, की आता कोणीतरी तिथे येऊन उभं राहणार आहे.

म्हणून एका क्रियापदाला एक महिना. जूनमध्ये गेट, जुलैमध्ये पुट, मग लुक, मग टेक. दिवाळीच्या आधी कम. महिन्याच्या शेवटी सर वीस वाक्यं तोंडी सांगायचे. सांगताना कोणी लिहायचं नाही. "लिहिणारा ऐकत नाही, आणि न ऐकणाऱ्यालाच छोटे शब्द फसवतात." एकदाच ऐकायचं, तास संपल्यावर आठवून वहीत उतरवायचं, आणि पुढच्या महिन्यात तीच वीस वाक्यं न बघता लिहायची परीक्षा.

या वाक्यांच्या मधेच सर एकदम थांबायचे, मान झटक्यात खिडकीकडे वळवायचे आणि त्याच इंग्रजी सुरात विचारायचे, "हू इज ॲट द विंडो?" खिडकीत कोण आहे? प्राचार्य मॅडम आपल्या तासाला कोणालातरी चोरून ऐकायला पाठवतात, अशी त्यांची पक्की समजूत होती. खिडकीत कधी कोणाचा तरी बाप पोराला न्यायला आलेला असे, कधी शिपाई असे, बहुतेक वेळा कोणीच नसे. सर तरीही पिशवीचं कुलूप काढून एक लांबट वही बाहेर घेत, काहीतरी लिहीत, वहीला रबर लावत आणि पुन्हा कुलूप. वहीवर 'निरीक्षणे' असं लिहिलेलं होतं. आम्ही तिला संशयवही म्हणायचो.

एवढं सांगितल्यावर कोणाला वाटेल माणूस वाईटच होता. तसं नाही. बारावीच्या बोर्डाचे फॉर्म भरले तेव्हा सरांनी आमच्या आख्ख्या वर्गाला जातीचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, आधार, सगळं घेऊन बसवलं आणि एकेक अक्षर जुळवून बघितलं. आमच्याकडच्या आडनावांची ऑफिसात काय वाट लागते ते आमचं आम्हाला माहीत. एक काना चुकला की पुढे दोन वर्षं हेलपाटे. दक्षाचं आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं निघालं, तर सर स्वतः तिच्याबरोबर ऑफिसात जाऊन खुर्ची टाकून बसले आणि दुरुस्त करूनच उठले. त्या वर्षी आमच्या वर्गातलं एकही नाव चुकलं नाही. त्यांच्या संशयाचा असाही उपयोग होता.

मासळीचा किस्सा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. डहाणूच्या बाजारात धाकटी डहाणू गावची एक मावशी मासे घेऊन बसायची. सर तिच्यापुढे उकिडवे बसून पापलेटचे कल्ले उचलून बघत होते.

"ताजं आहे?"

"सकालचाच हाय, मास्तर."

सर पुढच्या टोपलीपर्यंत गेले, परत आले. "हे कधीचं?"

मावशी म्हणाली, "मगाशी मी सांगितला, तुमाला पटला नाय. आता त्यालाच इचारा. तो बोलला तर घ्या, नाय बोलला तर ठेवा."

सरांनी तो मासा घेतला. उलटतपासणीत जो चिडतो तो खरा, असं त्यांचं गणित असावं. आम्ही मात्र चिडणाऱ्यातल्या नव्हतो, आणि तिथेच घात झाला.

वनिता, दक्षा आणि मी एकाच पाड्यावरच्या. तलासरीपासून आत, डोंगराच्या बाजूला. दिवाळीच्या सुट्टीत तिघी घरी गेलो तेव्हा भात कापणीला आलं होतं आणि परीक्षा डोक्यावर होती. माझ्या वडिलांची बहीण, माझी फुई, आमच्याकडची धवलेरी. म्हणजे लग्न लावणारी बाई. आमच्याकडे लग्न लावते ती बाई, आणि लावते गाण्यांनी. तिच्या हाताखाली दोघी-तिघी शिकतात. ती एक ओळ म्हणते, त्या तीच ओळ परत म्हणतात. कागद नाही, वही नाही. फुईचा कायदा एकच, ऐकलं तसं बोलायचं. शब्द गाळायचा नाही, आपल्या पदरचा घालायचा नाही. अर्थ नंतर कळेल, नाही कळला तरी चालेल. "गळलेला शब्द संसारात भोवतो," असं ती म्हणायची, आणि ओळ चुकवणाऱ्या बाईला त्या लग्नाला नेत नसे.

आम्हाला दुसरी रीत माहीतच कुठे होती? विळे घेऊन भातात उतरलो की वनिता पहिलं वाक्य म्हणायची, आम्ही दोघी मागून. द टाइड केम इन. आय केम अक्रॉस अ स्नेक. शी केम डाउन विथ फीवर. चालसुद्धा फुईच्याच गाण्याची. दोन दिवसांत वीसच्या वीस वाक्यं पाठ.

फुई पलीकडच्या ओळीत कापत होती. "कोणाचा लगीन हाय?" तिने विचारलं.

"लगीन नाय फुई, परीक्षा हाय. इंग्लिश."

"मंग नीट बोला. परवा ती मधली ओळ मोठ्यानं बोलल्या, आज हळू कशाला?"

मधली ओळ म्हणजे अकरावी. दहावं वाक्य होतं, द ट्रूथ केम आउट. खरं बाहेर आलं. आणि त्याच्यानंतर अकरावं, हू इज ॲट द विंडो. मला ते जरा खटकलं होतं. मी म्हटलंही, "यात कम कुठे आहे?" दक्षा म्हणाली, "ते धरूनच वीस भरतात. सरांच्या तोंडून आलं ना? मग ठेव." सरांची निम्मी वाक्यं आम्हाला तशीही चमत्कारिक वाटायची. आणि सरांच्या तोंडचं वाक्य गाळायचं कोणी?

परीक्षेला सरांनी आम्हाला वर्गाच्या तीन कोपऱ्यांत बसवलं. सगळ्यांचे फोन पत्र्याच्या डब्यात गोळा केले, डबा स्वतःच्या पायांत ठेवला. बाकावर खडूने रेघा मारल्या. एवढं करून तिघींचे पेपर शब्दाला शब्द सारखे निघाले. तोच क्रम, तीच वाक्यं, आणि अकराव्या जागी तिन्ही पेपरांत, हू इज ॲट द विंडो.

सर दुसऱ्या दिवशी वर्गात आले ते बाटलीकडे न बघताच. आम्हा तिघींना उभं केलं. "चोर हुशार असतो, पण पाऊल मागे ठेवतो," ते म्हणाले. "एकीने वेड्यासारखं काहीतरी लिहिलं आणि दोघींनी ते वेडेपणासकट उतरवलं. कसं केलंत?"

आम्ही खाली मान घालून उभ्या. मोठ्या माणसाने आवाज चढवला की आमच्याकडे पोरं खाली बघतात. तो आदर असतो. सरांना ती कबुली वाटली.

"दक्षा तीनदा खोकली," सर म्हणाले. "मी मोजलंय."

"सर, मला खोकला होता," दक्षा कशीबशी म्हणाली.

"परीक्षेच्या दिवशीच?"

लेखी तक्रार मॅडमकडे गेली. तिथून वसतिगृहाच्या बाईंकडे. कॉपीची तक्रार खरी ठरली तर वसतिगृहातली जागा जाणार, असं बाईंनी सांगितलं. जागा गेली असती तर बारावीही गेली असती, कारण आमच्या पाड्यावरून रोज येणं-जाणं शक्य नव्हतं. आणि बारावी गेलेल्या मुलीचं पुढे काय होतं ते आम्ही घरोघरी बघत होतो. बाईंनी आमच्या पेट्या उघडून कपडे झटकून पाहिले. चार दिवस जेवायला बसलो की आमच्या बाजूच्या मुली जरा सरकून बसायच्या. मला इतका राग आला होता, की वाटायचं, नकोच ती जागा, घरी जाऊन भात झोडावं. वनिता रोज रडायची. मी रडले नाही, पण त्या चार दिवसांत मला कोणी नुसतं 'इकडे ये' म्हटलं तरी वाटायचं, आता काय शोधणार?

पाचव्या दिवशी पालकांना बोलावलं. तिघींचे बाप मजुरीवर, चिकूच्या वाड्यांत, खाडा करता येईना. तिघींच्या वतीने एकटी फुई आली. कपाळाला मोठं कुंकू, पायांत चप्पल नाही, डोंगर उतरून मग जीपने. स्टाफरूममध्ये मॅडम बसल्या होत्या. सर उभे होते. फुईने खुर्ची मागवली नाही, आपणच एक ओढून घेतली.

सरांनी तिला सगळं मराठीत समजावलं. तिन्ही पेपर पुढे ठेवले. "बघा. सगळं सारखं. एक शब्द इकडेतिकडे नाही."

फुईने पेपरांकडे पाहिलंसुद्धा नाही. "मास्तर, तुमी शिकवला तेव्हा तिघींना येगला येगला शिकवला काय?"

"नाही."

"मंग त्या येगला कशा बोलतील?"

"अहो, पण कोणीच इतकं सारखं लिहीत नाही!"

"मंग बाकीच्यांनी नीट ऐकला नाय," फुई म्हणाली. आणि सरांकडे तिने जसं बघितलं, तसं सर इतकी वर्षं सगळ्या जगाकडे बघत आले होते. "का तुमीच काय बदलून ठेवलाव आता?"

मॅडमना हसू आवरेना. सरांनी मात्र अट घातली. वनिता प्रयोगशाळेत, दक्षा वाचनालयात, मी इथे. एकीचा आवाज दुसरीला जाता कामा नये. प्रत्येकीने वीस वाक्यं तोंडी म्हणायची. वनिताचं आणि दक्षाचं ऐकून सर परत आले, तोंडावर काहीच दिसू न देता. मग माझ्यासमोर उभे राहिले.

मी सुरुवात केली. चाल लावायची नाही असं ठरवलं होतं, पण चाल सोडली की शब्द येईनात. म्हणून चालीवरच म्हणायला लागले, स्टाफरूममध्ये, इंग्रजी, लग्नाच्या गाण्याच्या चालीवर. द ट्रूथ केम आउट, इथपर्यंत आले आणि सरांचा चेहरा बघून माझी दातखीळच बसली. पुढचं आठवेना.

तेव्हा खुर्चीतून फुईने, जिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, पुढची ओळ म्हटली. हू इज ॲट द विंडो. तोच सूर, शेवटी तोच वर चढलेला आवाज. सरांचाच आवाज म्हणा ना.

सरांनी विचारलं, "ही ओळ तुम्हाला कुणी दिली?"

"पोरींनी."

"आणि पोरींना?"

फुईने त्यांच्याकडे बोट केलं. "दुसरा कोण बोलतो आमच्याकडं इंग्लिश?"

सरांनी खिशातून किल्ली काढली, पिशवी उघडली, संशयवही काढली आणि पानं मागे मागे उलटायला लागले. मॅडम उठून त्यांच्या खांद्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. एका पानावर सरांचं बोट थांबलं. मॅडमनीच मोठ्याने वाचलं. "वेळ अकरा चाळीस. कमची वाक्यं सांगत असताना खिडकीत हालचाल. दहाव्या वाक्यानंतर थांबून विचारणा केली. उत्तर नाही. शेळी."

मी सरांकडे बघत होते. आता ते काहीतरी बोलतील याची वाट बघत होते. फार काही नको होतं मला.

"म्हणजे सर," मॅडम म्हणाल्या, "हे अकरावं वाक्य कोणाचं?"

सरांनी वही मिटली. तिला रबर लावलं. "मला तास आहे," म्हणाले आणि निघून गेले.

मॅडमनी तक्रार आमच्यासमोर फाडली. आमच्या जागा राहिल्या. फुईने पाणी मागितलं तर शिपाई जागेवर नव्हता. तेवढ्यात सर परत आले, आपली रेघांची बाटली फुईपुढे ठेवली आणि पुन्हा गेले. फुई उन्हातून आलेली, घटाघटा अर्ध्याच्या खाली प्यायली. दुसऱ्या दिवशी बाटलीवर खूप खाली एक नवी रेघ होती. वनिता म्हणाली, त्यांनी माफी मागितली बघ. मी म्हटलं, मला नाही दिसली.

मार्क सांगितले तेव्हा तिघींना वीसपैकी एकोणीस होते. "अकराव्या वाक्यात कम नाही," सर म्हणाले, आणि पुढच्या नावाकडे वळले. तो एक मार्क माझ्या घशात अडकला तो अडकलाच. मार्काचं काही नव्हतं. चार दिवस आम्हाला चोर ठरवलं त्या माणसाने 'माझं' एवढा एक शब्द उच्चारला नाही, याचं दुःख होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

आता या गोष्टीला नऊ वर्षं झाली. वनिता डहाणूला नर्स आहे, दक्षा लग्न होऊन उंबरगावच्या बाजूला गेली. मी डहाणूच्या पूर्वेला, डोंगरातल्या एका आश्रमशाळेत इंग्रजी शिकवते. सर निवृत्त होऊन नरपडलाच असतात. पेपर गोळा केल्यावर मी ते दोनदा मोजते. मुली एका सुरात खोकल्या की मान वर करते. करताना लाज वाटते, पण करते.

आणि कमची वीस वाक्यं मी चालीवर शिकवते. अकरावं तसंच ठेवलंय. फुई गेली, तिच्या जागी आता दुसरी धवलेरी आहे. पण ओळ गाळायची नाही म्हणजे नाही. मुलींना मी सांगते, यात कम नाही, परीक्षेत लिहू नका, पण म्हणताना म्हणा. का, ते नाही सांगत.

ही गोष्ट कोणीतरी नरपडपर्यंत नेली असणार. अमुक शाळेत तुमच्या नावावर एक चुकीचं वाक्य शिकवतात म्हणून. गेल्या महिन्यात दुपारच्या तासाला माझ्या मुली म्हणत होत्या आणि मी फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. द ट्रूथ केम आउट, झालं. पाठोपाठ चाळीस आवाज वर चढले, हू इज ॲट द विंडो? आणि पुढे बारावं आलंच नाही.

"बाई," पहिल्या बाकावरची म्हणाली, "खराच कोणतरी हाय."

मी वळले. खिडकीच्या गजांपलीकडे सर उभे होते. काखेत छत्री, खांद्याला कुलपाची पिशवी, फार वाळलेले. चाळीस पोरी त्यांच्याकडे बघत होत्या. सरांनी आधी मागे वळून पाहिलं, आपल्या पाठीशी कोण आहे ते बघायला. मागे कोणी नव्हतं. अंगण, हातपंप, बस्स.

मी बोलावलं नाही. आत या म्हणायला हवं होतं, माझे शिक्षक होते ते. पण नऊ वर्षांपूर्वी स्टाफरूममध्ये वाट बघत उभी होते, तशीच उभी राहिले.

सरांनी गज धरला. माझ्याकडे नाही, मुलींकडे बघितलं.

"मी आहे," ते म्हणाले. "आणि ते वाक्य माझं आहे."